राउंडस्टोन, कोनेमारा: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहते. एप्रिल उजाडला की ओळखीच्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न यायला लागतात: आई-बाबा येताहेत, चार दिवस आहेत, क्लिफ्स ऑफ मोहर झालं, आता कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे. पश्चिमेला कोनेमारा या किनारी मुलखात जा आणि तिथल्या राउंडस्टोन गावात किमान दोन रात्री राहा. त्यानंतर जे विचारलं जातं ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

राउंडस्टोन नक्की कुठे आहे आणि केवढं आहे?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे काउंटीत. गॉलवे शहरापासून साधारण 80 किलोमीटर, म्हणजे गाडीने दीड तास. गावात एक मुख्य रस्ता, त्याच्या एका अंगाला रंगवलेली घरं, दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेला दगडी धक्का. दोन-चार पब, एक किराणा दुकान, चर्च, शाळा. पायी दहा मिनिटांत गाव संपतं. पण धक्क्यावर उभं राहून उत्तरेला पाहिलं की खाडीपलीकडे ट्वेल्व्ह बेन्सची रांग उभी असते, आणि ढग सरकतील तसे ते डोंगर दर पाच मिनिटांनी रंग बदलतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा 'गाव बघून घेऊ आणि पुढे जाऊ' असं ठरवलं होतं. धक्क्यावरच दुपार गेली.

'राउंडस्टोन' म्हणजे गोल दगड का? तो दगड कुठे बघायला मिळतो?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याच्या उत्तरात हे सगळं गाव सापडतं.

गावाचं आयरिश नाव 'क्लोख ना रोन'. क्लोख म्हणजे दगड, खडक. रोन म्हणजे सील हा समुद्री प्राणी. सीलांचा खडक, एवढा सरळ अर्थ. इंग्रजी कानाने 'क्लोख'चं भाषांतर केलं, 'स्टोन' असं, आणि 'रोन' मात्र ऐकू आलं तसं 'राउंड' करून टाकलं. अर्धं भाषांतर, अर्धा गैरसमज. गोल दगड त्या नावात कधी नव्हताच.

खडकीचं किर्की आणि पुण्याचं पूना झालेलं आपण पाहिलं आहे, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटत नाही. इथे मात्र हे पूर्ण बेटावर झालं. 1830च्या दशकात ब्रिटिश सैन्याच्या ऑर्डनन्स सर्व्हेने आयर्लंडची मोजणी करून नकाशे केले, तेव्हा हजारो आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये बसवली गेली. नावातला अर्थ गेला, आवाज कसाबसा उरला.

गावाजवळचंच दुसरं उदाहरण घ्या. इथल्या सर्वांत सुंदर किनाऱ्याचं नाव 'डॉग्ज बे'. पर्यटक कुत्र्याच्या आकाराचा खडक शोधत बसतात. मूळ नाव 'पोर्ट ना फॅडोगे', आणि फॅडोग म्हणजे प्लव्हर हा किनाऱ्यावर पळणारा छोटा पक्षी. 'फॅडोग'चं शेपूट तेवढं उरलं: 'डोग'. त्याचा कुत्रा झाला आणि पक्षी नकाशातून उडून गेला. किनाऱ्यावर मात्र प्लव्हर अजून दिसतात.

म्हणून माझी एकच विनंती असते. कोनेमारात पाटी दिसली की वर तिरप्या अक्षरांत लिहिलेलं आयरिश नाव वाचा आणि कुणालातरी त्याचा अर्थ विचारा. एका नावावर अर्धा तास गप्पा होतात, आणि समोरची जागा वेगळी दिसायला लागते.

ही नावं परत कुणी शोधली?

टिम रॉबिन्सन. जन्म 1935, यॉर्कशरचा. केंब्रिजला गणित शिकलेला, पुढे लंडनमध्ये चित्रकार. 1972 साली तो पत्नी मरेडसह गॉलवेच्या उपसागरातल्या अरन बेटांवर राहायला गेला आणि 1984 मध्ये दोघं राउंडस्टोनला आले. धक्क्यालगतच्या घरातून त्यांनी नकाशे छापले. त्याची पद्धत म्हणजे चालणं. किनाऱ्याची प्रत्येक खाच पायाखाली घालायची, भेटेल त्या शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला विचारायचं, या खडकाला काय म्हणता, या विहिरीला काय म्हणता, आणि ऐकलेलं नाव आयरिशमध्ये, अर्थासकट लिहून ठेवायचं. ज्यांना ही नावं येत होती त्यांतले कित्येक तेव्हाच म्हातारे होते. ती दहा-वीस वर्षं हातची गेली असती तर नावंही गेली असती.

एक इंग्रज माणूस येतो आणि आपल्याच देशाच्या मोजणीदारांनी पुसलेलं घरोघर जाऊन परत गोळा करतो, हे मला फार मोठं वाटतं. 2020च्या वसंतात, करोनाच्या पहिल्या लाटेत, ती दोघं लंडनमध्ये दोनेक आठवड्यांच्या अंतराने गेली. त्यांचा संग्रह गॉलवे विद्यापीठाकडे आहे.

गाव किती जुनं आहे?

गाव म्हणून जेमतेम दोनशे वर्षांचं. अलेक्झांडर निमो हा स्कॉटिश इंजिनिअर आधी इथल्या दलदलीची पाहणी करायला आला होता. 1820च्या दशकात त्याने पश्चिम किनाऱ्यावर रस्ते आणि धक्के बांधायला घेतले. दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी हाही त्यामागचा हेतू होता. राउंडस्टोनचा धक्का त्याचाच, आणि धक्क्यामागे जागा घेऊन गावाची आखणीही त्यानेच केली. दोन शतकांच्या अटलांटिक वादळांनंतर ते दगड आजही आपल्या जागी आहेत आणि खेकडे-लॉब्स्टर पकडणाऱ्या होड्या त्यांनाच बांधलेल्या असतात.

आसपास मात्र माणूस फार आधीपासून आहे. टूम्बिओलाला, बॅलिनाहिंच नदी समुद्राला मिळते तिथे, 1427 साली ओ'फ्लाहर्टी घराण्याने स्थापलेल्या डॉमिनिकन मठाचे अवशेष आहेत.

रणजींचा इथे काय संबंध? हे खरं आहे का?

अगदी खरं. ज्यांच्या नावाने आपला रणजी करंडक आहे ते नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांनी 1924 साली राउंडस्टोनपासून जवळच असलेला बॅलिनाहिंच कॅसल विकत घेतला आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत ते उन्हाळ्यात इथे येत राहिले. 1896 मध्ये इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत, ओल्ड ट्रॅफर्डला, 62 आणि नाबाद 154 करणारा हा माणूस कोनेमारात आला तो सॅमन माशासाठी. बॅलिनाहिंच नदी सॅमनसाठी नावाजलेली आहे. 1915 मध्ये शिकारीतल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. त्यांनी नदीकाठी मासेमारीसाठी बांधून घेतलेले दगडी चौथरे आणि आडोसे अजून वापरात आहेत.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. आयर्लंड नुकतं ब्रिटिशांपासून सुटलेलं, 1923 मध्ये यादवी युद्ध नुकतं थांबलेलं, आणि या ओल्या, गरीब मुलखात आगगाडीने एक काठेवाडी राजा उतरतोय. गॉलवे ते क्लिफ्डेन ही रेल्वे 1895 ते 1935 अशी चाळीस वर्षं चालली आणि बॅलिनाहिंचला स्टेशन होतं. रणजी 1933 मध्ये जामनगरला वारले. कॅसल आता हॉटेल आहे. राहणं महाग आहे, पण आत जाऊन चहा घेता येतो, नदीकाठच्या वाटेने फिरता येतं, आणि भिंतीवर रणजींची आठवण जपलेली दिसते. क्रिकेटवेड्या बाबांना घेऊन गेलात तर तासभर वेगळा ठेवा.

याच वास्तूत त्यांच्या शंभर वर्षं आधी रिचर्ड मार्टिन राहत होता. जनावरांवर होणाऱ्या क्रौर्याविरुद्ध 1822चा कायदा ब्रिटिश संसदेत त्याने आणला, आणि 1824 मध्ये प्राण्यांसाठी जी संस्था लंडनला स्थापन झाली तिच्या संस्थापकांत तो होता. लोक त्याला 'ह्युमॅनिटी डिक' म्हणत. 1845 पासून बटाट्यावर रोग पडून महादुष्काळ आला, त्यात मार्टिन घराणं कर्जात बुडालं. त्याची नात मेरी परागंदा होऊन 1850 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली आणि बाळंतपणानंतर तिथेच वारली. जमीन लंडनच्या एका विमा कंपनीकडे गेली. कोनेमारातल्या ओसाड भिंती, छप्पर नसलेली घरं दिसली की त्या वर्षांची आठवण ठेवा. मोकळा दिसणारा हा मुलूख एके काळी माणसांनी भरलेला होता.

डॉग्ज बेची वाळू वेगळी असते म्हणतात, म्हणजे काय?

गावापासून तीनेक किलोमीटरवर दोन किनारे पाठीला पाठ लावून आहेत: डॉग्ज बे आणि गर्टीन. मध्ये वाळूचा चिंचोळा पट्टा आहे आणि त्याने पलीकडचं ग्रॅनाइटचं बेट जमिनीला जोडून घेतलं आहे. एकीकडे वारा असला की दुसरीकडे आडोसा मिळतो.

ही वाळू दगडाची नाही. ती बहुतांशी शिंपल्यांचा चुरा आणि फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय समुद्री जिवांची कवचं यांची बनलेली आहे. चिमूटभर तळहातावर घेऊन भिंगातून बघा: नुसते कण दिसत नाहीत, बारीक शंखासारखे वळसे दिसतात. म्हणून ती इतकी पांढरी आहे, आणि उन्हात पाणी असं हिरवं-निळं दिसतं की फोटो पाहणाऱ्याला आयर्लंड वाटत नाही. पाण्यात उतरलं की मात्र पटतं! ऑगस्टमध्येही पाणी थंडच असतं.

मागची वाळूची टेकाडं नाजूक आहेत. वाऱ्याने ती ढासळू लागली तेव्हा गावकऱ्यांनी कुंपणं घातली, मारम गवत लावलं. कुंपणातून उड्या मारू नका, टेकाडांवरून घसरू नका आणि आठवण म्हणून वाळूची बाटली भरून आणू नका.

'बॉग' म्हणजे नुसती दलदल ना? त्यात बघण्यासारखं काय?

राउंडस्टोनच्या पाठीशी, पार क्लिफ्डेनपर्यंत पसरलेली राउंडस्टोन बॉग ही माझ्या मते इथली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. थंड, ओल्या हवेत मेलेलं शेवाळ आणि गवत पुरतं कुजत नाही, थरावर थर साचतो, आणि हजारो वर्षांनी त्याचं पीट होतं. वजनाने त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. या तपकिरी गोधडीत असंख्य तळी विखुरलेली आहेत. आकाश निवळलं की खाली आरशाचे तुकडे पसरल्यासारखं दिसतं.

ते सगळं एकदम पाहायचं तर गावामागच्या एरिसबेग टेकडीवर चढा. उंची फक्त 300 मीटर, पण वाट ओली असते, घोट्यावरचे बूट हवेत. टेकडीचा काळपट खडक हाताने चाचपून बघा. तो गॅब्रो आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट आणि हा गॅब्रो एकाच जातीच्या लाव्हारसाचे. जमिनीवर येऊन झटकन थंड झाला तो बेसॉल्ट, खोल पोटात सावकाश थंड झाला तो गॅब्रो. फक्त हा साधारण 47 कोटी वर्षं जुना आहे आणि आपला साडेसहा कोटी.

पायाशी बघितलंत तर लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब धरून बसलेली ड्रॉसेरा दिसेल. कासच्या पठारावर आपण जिला दवबिंदू म्हणतो तिचीच बहीण, किडे खाणारी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हेदर नावाच्या बुटक्या झुडपाची गुलाबी फुलं. त्यातली एक जात, मॅकेची हेदर, आयर्लंडच्या पश्चिमेला मोजक्या ठिकाणी आणि थेट स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सापडते. मधे कुठेच नाही. ती इथे 1830च्या दशकात ओळखली विल्यम मॅकॅला या तरुणाने. राउंडस्टोनच्या खाणावळवाल्याचा मुलगा, शाळामास्तर, वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेला. नाव मात्र दिलं गेलं डब्लिनच्या मॅके या वनस्पतिशास्त्रज्ञाचं. मॅकॅला 1849च्या कॉलऱ्यात तरुणपणीच गेला. मी ते फूल मुलांना दाखवते तेव्हा मॅकॅलाचंच नाव सांगते.

1980च्या दशकाच्या अखेरीस या बॉगवर विमानतळ करण्याचा घाट घातला गेला होता. टिम रॉबिन्सन आणि अनेकांनी विरोध केला. गावागावांत, घराघरांत मतभेद झाले, कारण रोजगाराची गरजही खरी होती. विमानतळ झाला नाही. आज ही बॉग संरक्षित आहे.

बॉगमध्ये चाललं तर चालेल का?

एकट्याने, वाट सोडून, धुक्यात: अजिबात नाही. वरून हिरवी मऊ गादी दिसते आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत जातो. माझ्या बाबतीत हे एकदा घडलं आहे. बरोबर दोघं होती म्हणून निघाले, बूट आतच राहिला. लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना क्लिफ्डेनजवळच्या डेरीगिमला इथला आखलेला मार्ग उत्तम, साधारण पाच किलोमीटर, चालायला सोपा.

तो मार्ग चुकवू नयेच. इटालियन संशोधक मार्कोनीचं बिनतारी केंद्र तिथे होतं. 1907च्या ऑक्टोबरमध्ये इथून अटलांटिकपलीकडे नियमित संदेशसेवा सुरू झाली, आणि त्या केंद्राला लागणारी वीज तयार करायला बॉगमधलंच पीट जाळत. 1922च्या यादवीत केंद्र जळालं, आता जोती उरली आहेत. त्याच जागी 15 जून 1919 रोजी सकाळी अल्कॉक आणि ब्राउन यांचं विमान उतरलं. न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे सोळा तासांत, कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडणारं ते पहिलं विमान. वरून त्यांना हिरवं मैदान दिसलं. ती बॉग होती. विमानाचं नाक रुतलं, दोघं सुखरूप बाहेर आले.

कधी जावं? पाऊस किती असतो?

मे-जून. तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो, गोर्सची पिवळी काटेरी झुडपं फुललेली असतात आणि गर्दी कमी. फुलांसाठी ऑगस्ट चांगला, पण खोल्या लवकर भरतात, कारण क्लिफ्डेनला कोनेमारा पोनींचं, म्हणजे इथल्या छोट्या घोड्यांचं, प्रदर्शन भरतं. त्या प्रदर्शनाची सुरुवात 1924 मध्ये राउंडस्टोनलाच झाली होती, रणजी आले त्याच वर्षी. पाऊस कधीही येतो आणि कधीही जातो. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं रेनकोट घ्या.

16 जुलैला काय असतं?

संत मॅकडारा यांचा दिवस. राउंडस्टोनच्या दक्षिणेला समुद्रात त्यांच्या नावाचं छोटं बेट आहे, त्यावर ग्रॅनाइटच्या अवाढव्य दगडांचं बाराव्या शतकातलं छोटंसं देऊळ, म्हणजे प्रार्थनाघर. खाडीपलीकडच्या कार्ना गावाच्या बाजूने होड्या भरभरून लोक जातात, उघड्यावर मास, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी, होतो, मग होड्यांच्या शर्यती. या बेटाजवळून जाताना शिडाच्या होडीने शीड तीनदा खाली झुकवायचं, असा जुना रिवाज आहे. लालसर-तपकिरी शिडांच्या त्या होड्यांना गॉलवे हुकर म्हणतात. याच होड्या पूर्वी कोनेमारातलं पीट अरन बेटांवर आणि शेजारच्या क्लेअर काउंटीच्या किनाऱ्याला पोहोचवत, कारण तिथे जाळायला काही नव्हतं. समुद्र खवळलेला असला तर जाणं रद्द होतं.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

होईल, पण योजना करून. पबमध्ये भाज्यांचं सूप आणि ताजा सोडा ब्रेड जवळपास नेहमी मिळतो. भारतीय जेवण गॉलवेतच. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि डाळ-तांदूळ, मसाले गॉलवेहून भरून न्या. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ: खेकडा, लॉब्स्टर, शिंपले, सगळं समोरच्या पाण्यातलं. डिलिस्क नावाचं वाळवलेलं लाल समुद्री शेवाळ पुडीत मिळतं, तेवढं चाखून बघाच, खारट आणि चिवट असतं.

गाडी हवीच का? व्हिसाचं काय?

गाडी असावी. बस आहे, पण फेऱ्या कमी. गॉलवेहून एन-59 रस्त्याने ऊटरार्ड, माम क्रॉस, रीसेस आणि मग डावीकडे समुद्राकडे. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची. रस्ते अरुंद, मेंढ्या मध्येच बसलेल्या. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही.

लोक कसे आहेत? काय बोलावं?

समोरून येणारा ड्रायव्हर स्टीअरिंगवरून एक बोट उचलेल, तुम्हीही उचला, तो नमस्कार आहे. 'कुठून आलात?' हे खरंच जाणून घ्यायला विचारतात. आपण महाराष्ट्रातले म्हटल्यावर मी लिओ वराडकर यांचा विषय काढते. आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या या माणसाचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. गावाच्या नावावरून माणसाचं आडनाव पडतं हे मी सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, 'मग वराड म्हणजे काय?' नावांचं वेड इथे आहेच.

राउंडस्टोनमध्ये रोजची बोली इंग्रजी, पण खाडीपलीकडे कार्नाच्या बाजूला आयरिश घराघरात बोलतात. 'दिया घित' म्हणजे देव तुझ्याबरोबर असो, आणि त्यावर उत्तर 'दिया इस मुरा घित', देव आणि मेरी तुझ्याबरोबर असोत. मिळालेल्या नमस्कारात एक नाव वाढवून परत द्यायचा. उच्चार चुकला तरी कुणी हसत नाही, थांबून नीट शिकवतात.

मुलांसाठी काय आणावं?

गावाच्या दक्षिण टोकाला जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या आवारात कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. तिथे बौरॉन बनतो: बकरीचं कातडं लाकडी कड्यावर ताणलेलं, आपल्या डफासारखं, पण छोट्या दांडीने वाजवायचं. कातडं कसं ताणतात ते पाहू देतात का, विचारा. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, म्हणून मुंबईला न्यायचा असेल तर मागून किल्लीने ताण देता येईल असाच घ्या.